मुद्राराक्षस

छापखान्याशी ज्याचा एकदा तरी संबंध आला आहे, त्याला मुद्राराक्षस ठाऊक असतोच. विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाशी त्याचे नावापुरतेच नाते. हा आपला मराठी मुद्राराक्षस. शिशाच्या खिळ्यांच्या काळात जन्माला आला आणि संगणकाच्या काळातही तितक्याच उत्साहाने नांदतो आहे. समारंभाच्या शेवटी 'अध्यक्षांनी आभार मानले' असे छापायचे असते, आणि हा गृहस्थ अध्यक्षांना 'आभाळ' मानायला लावतो. वाचक हसतात, संपादक कपाळाला हात लावतात, आणि पुढच्या अंकात शुद्धिपत्र येते.

पण या राक्षसाची एक खोड फार कमी लोकांच्या लक्षात येते. त्याला वाव मिळण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. एक म्हणजे काम अतोनात आणि घाईचे असावे लागते. दुसरी, मुद्रिते तपासणाऱ्याचे डोळे थकलेले असावे लागतात. नुसती घाई असली तरी जागा असलेला तपासनीस चूक पकडतो. नुसता तपासनीस पेंगत असला, पण खिळे जुळवणारा निवांतपणे काम करीत असला, तरी चुका थोड्याच होतात. दिवाळी अंकाच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र दोन्ही गोष्टी जमून येतात. म्हणून दिवाळी अंक हा मुद्राराक्षसाचाही सण असतो!

मराठीच्या प्राध्यापिकेला मुद्राराक्षसाविषयी बोलायला निमित्त लागत नाही. पण या वेळी निमित्त छापखान्याचे नाही. एका आजाराचे आहे.

माझ्या आतेभावाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. २०२२ च्या पावसाळ्यात त्याच्या मानेच्या डाव्या बाजूला एक गाठ दिसू लागली. दुखत नव्हती, लाल नव्हती. आत्याने हात लावून पाहिले आणि "अवधाण आलंय, मिठाच्या पुरचुंडीनं शेक" असे सांगून टाकले. अवधाण हा शब्द हल्लीच्या मुलांना माहीत नसतो. पायात काटा मोडला की जांघेत गाठ येते, हाताला जखम झाली की काखेत येते, ते अवधाण. त्यामागचे शास्त्र आपल्या आज्यांना ठाऊक नव्हते, पण पायातल्या काट्याची बातमी जांघेपर्यंत पोचली आहे एवढे त्यांना बरोबर कळत असे. आणि ते खरेच आहे. लसिकाग्रंथी म्हणजे शरीरातल्या पोलीस चौक्या. जखमेतून शिरलेल्या जंतूंची वर्दी तिथे जाते, तिथे शिपाई जमतात, आणि गर्दी झाली की चौकी फुगते. काम संपले की पुन्हा ओसरते.

अण्णाची गाठ ओसरली नाही. ताप येऊ लागला, रात्री घामाने अंथरूण भिजू लागले, तीन महिन्यांत अकरा किलो वजन उतरले. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि एकाच आठवड्यात दोन अहवाल हातात पडले. पहिल्यात लिहिले होते: लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, त्यातला 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' हा प्रकार. दुसऱ्यात लिहिले होते: एचआयव्ही. सीडी-४ पेशी, ८६.

हे मी अण्णाच्या परवानगीने लिहीत आहे. "लिही, पण माझं नाव-गाव घालू नकोस," एवढीच त्याची अट. ती मी पाळली आहे.

आमच्या घराण्यात प्राध्यापक मी एकटीच. त्यामुळे "ही शिकलेली, हिला कळेल" म्हणून ती जाड फाईल माझ्या मांडीवर येऊन पडली. ज्ञानेश्वरांच्या ओव्या आणि मर्ढेकरांच्या कविता शिकवण्यात जिचा जन्म गेला, तिने सीडी-४ म्हणजे काय हे सांगायचे! पण नात्यातल्या माणसांपुढे असली सबब चालत नाही. मी वाचू लागले. उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावू लागले. आणि त्या सगळ्या वाचनाला कारण ठरला तो वहिनींचा एक प्रश्न.

रुग्णालयाच्या जिन्याजवळच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. वहिनी मला अजूनही जुन्या रीतीने 'वन्सं' म्हणतात. त्यांनी विचारले, "वन्सं, मला एक सांगा. यातला खरा आजार कोणता?"

नातेवाइकांना कर्करोग सांगितला होता. दुसरा आजार आम्हा चौघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. एक आजार गावभर सांगायचा आणि दुसरा उशाखाली ठेवायचा, अशा दुहेरी जमाखर्चात ती बाई आठ दिवस वावरत होती. खरा कोणता हे कळले, म्हणजे निदान कशासाठी रडायचे ते तरी ठरेल, असे काहीसे त्या प्रश्नात होते.

उत्तर असे की, दोन्ही खरे. आणि दुसऱ्याने पहिल्याला दार उघडून दिले.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लसिकापेशींचा एक मोठा वर्ग आहे. त्यातल्या बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. सीडी-८ नावाच्या टी-पेशी बिघडलेल्या किंवा विषाणूने पछाडलेल्या पेशींना ठार करतात. आणि सीडी-४ या मदतनीस टी-पेशी कुणालाच मारीत नाहीत. पण कुणी केव्हा कामाला लागावे आणि केव्हा थांबावे हे त्यांच्या इशाऱ्यावर चालते. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जावेसारखे त्यांचे काम. ती स्वतः काय करते ते दिसत नाही. ती चार दिवस माहेरी गेली म्हणजे दिसते. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण पाचशे ते पंधराशे असतात. एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो. संख्या दोनशेच्या खाली गेली की एड्सची अवस्था आली असे समजतात. अण्णाच्या ८६ होत्या.

इथवरचे बहुतेकांना ऐकून माहीत असते. मलाही होते. नवल वाटले ते पुढचे वाचून.

माझी समजूत अशी होती की, एचआयव्ही म्हणजे शरीरातला सगळा पहारा हळूहळू थंडावत जाणे. तसे नसते. बी-पेशींच्या बाबतीत तर उलट होते. विषाणू हटत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षे चेतवलेल्याच राहतात. प्रतिपिंडांचा नुसता सुकाळ होतो, पण त्यातली पुष्कळशी निरुपयोगी. रक्तात चेतावणीची रसायने वाढलेली राहतात. अमेरिकेत १९८४ साली बाल्टिमोर, शिकागो, पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिस या शहरांत हजारो पुरुषांची एक दीर्घ पाहणी सुरू झाली आणि त्यांच्या रक्ताचे नमुने गोठवून जपून ठेवण्यात आले. त्यातल्या काहींना पुढे लिम्फोमा झाला. तेव्हा त्यांचे जुने नमुने बाहेर काढून तपासले, तर रोग उघड होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासूनच बी-पेशींच्या या अतिउत्साहाच्या खुणा त्यांत वाढलेल्या आढळल्या. म्हणजे गाठ मानेवर दिसायच्या फार पूर्वीपासून आत दिवाळी अंकाची धांदल चालू होती!

आणि बी-पेशींची धांदल धोक्याची का? तर या पेशी स्वतःच्या गुणसूत्रांवर कात्री चालवतात. दुसरी कुठली पेशी असे धाडस सहसा करीत नाही. नव्या जंतूला नेमके बसेल असे प्रतिपिंड घडवायचे, तर त्याचा मजकूर थोडाथोडा बदलून पाहावा लागतो. त्यासाठी लसिकाग्रंथींत या पेशी आपल्या जनुकाचे तुकडे कापतात, जोडतात, अक्षरे बदलतात. क्योटोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९९ साली ही कात्री, म्हणजे या कामाचे विकर, शोधून काढले. कात्री उपयोगाची आहे, पण ती सदासर्वकाळ चालू राहिली तर एखादे दिवशी भलतीकडे चालते. आठव्या गुणसूत्रावरचा, पेशींना वाढीचा हुकूम देणारा तुकडा चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी जाऊन चिकटतो. मग तो हुकूम थांबतच नाही. एक अक्षर इकडचे तिकडे, आणि आभाराचे आभाळ!

पण अशा चुका तुमच्या-माझ्या शरीरातही होत असतात. बहुतेक वेळा त्या पकडल्या जातात. पकडणाऱ्यांत सीडी-८ पेशी प्रमुख. एचआयव्ही झालेल्या माणसात त्यांची संख्या कमी होत नाही, पुष्कळदा वाढते. निरोगी माणसात सीडी-४ जास्त आणि सीडी-८ कमी असतात. इथे ते प्रमाण उलटते. पण संख्या वाढली तरी त्या थकतात. सतत शत्रू समोर, आणि मार्ग दाखवणारी थोरली जाऊ घरात नाही. थकलेल्या पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक लगाम उगवतो आणि ती समोरचा गुन्हेगार दिसत असूनही हात उचलीत नाही. गंमत पाहा, हा लगामही १९९२ साली होंजो यांच्याच प्रयोगशाळेत सापडला. त्याबद्दल २०१८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. घाईची कात्री आणि थकव्याचा लगाम, दोन्ही एकाच घरचे शोध.

एवढे झाल्यावर वहिनींना मी सांगितले, "वहिनी, आतल्या छापखान्यात काम फार वाढलं आणि तपासनीस थकले. त्यातून ही गाठ आली."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो विषाणू गाठीत बसलेला नाही?"

नाही. हेही मला वाचूनच कळले. एचआयव्ही सहसा बी-पेशीत शिरून स्वतः कर्करोग करीत नाही. तो परिस्थिती बिघडवतो, आणि बिघडलेल्या परिस्थितीचा फायदा पुष्कळदा दुसराच एक विषाणू घेतो. त्याची कथा सांगण्याजोगी आहे.

डेनिस बर्किट हा आयरिश शल्यविशारद युगांडात कंपाला येथे काम करीत होता. १९५७ साली त्याने जबड्यावर विचित्र गाठी आलेले एक मूल पाहिले, मग तशीच आणखी मुले. १९६१ च्या मार्चमध्ये त्याने लंडनला या गाठींवर व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाईन नावाचा तरुण संशोधक बसला होता. या गाठींमागे विषाणू असावा असे त्याच्या मनाने घेतले आणि तो कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे मागवू लागला. दोन वर्षे काही दिसेना. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले. नमुना उशिरा पोचला, त्यातले पाणी गढूळ झाले होते. नासला म्हणून फेकून द्यायचा, तर पाहिल्यावर कळले की, गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतल्या पेशी सुट्या होऊन जिवंत तरंगत होत्या. त्या वाढवल्या, आणि १९६४ साली एप्स्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी त्यांत एक नवा विषाणू पाहिला. तोच एप्स्टाईन-बार विषाणू.

पुढे युगांडात याच कर्करोगावर काम केलेले जॉन झिगलर सॅन फ्रान्सिस्कोला आले. तेथे १९८२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार तरुण पुरुषांत तशाच जातीच्या गाठींची नोंद केली. एड्स हे नाव तेव्हा नुकतेच पडत होते. त्याचा विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडायला १९८३ साल उजाडायचे होते. १९८५ साली उग्र लिम्फोमा हा एड्सच्या लक्षणरोगांच्या यादीत दाखल झाला. कंपालाच्या मुलांत पाहिलेली गाठ ओळखणारा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत असावा, हा योगायोगच म्हणायचा.

आता यातली खरी मेख ऐका. हा एप्स्टाईन-बार विषाणू जगातल्या दहांपैकी नऊ प्रौढांच्या शरीरात असतो. म्हणजे हा अंक वाचणाऱ्या घरातल्या बहुतेक सर्वांच्या. तो लाळेतून पसरतो. आपल्याकडे तो बहुधा लहानपणीच येतो. आईने स्वतःच्या तोंडाने फुंकून गार केलेल्या घासाबरोबर, भावंडाच्या उष्ट्या पेल्याबरोबर. मग तो बी-पेशींत निजून राहतो आणि सीडी-८ पेशी जन्मभर त्याच्यावर नजर ठेवतात. ती नजर ढळली तरच तो उठतो. मेंदूत होणारा लिम्फोमा सीडी-४ पेशी पन्नासाच्याही खाली गेलेल्या रुग्णांत दिसतो, आणि त्यात हा विषाणू जवळजवळ नेहमी सापडतो. बर्किटचा प्रकार मात्र पेशी बऱ्यापैकी शिल्लक असतानाही होतो, आणि त्यातल्या सगळ्यांत हा विषाणू नसतो. तिथे घाईचा दोष जास्त, झोपेचा कमी.

हे सारे मी इतक्या तपशिलाने सांगते आहे त्याला कारण आहे एक कपबशी.

अण्णा पहिल्या उपचारानंतर घरी आला, तेव्हा एक जवळचे नातेवाईक राहायला आले होते. त्यांना दुसऱ्या आजाराची कुणकूण लागली होती. एका रुग्णालयात अण्णाच्या फायलीवर लाल शाईने ठळक अक्षरांत ती गोष्ट लिहून ठेवली होती, तिथे बहुधा त्यांची नजर पडली. रुग्णाची ही माहिती गुप्त राखावी असा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून लागूही झाला. पण लाल शाईला कायदा कुठला ठाऊक! नातेवाइकांनी काही विचारले नाही. फक्त अण्णाची कपबशी वेगळी ठेवायला सुरुवात केली. मोरीच्या कट्ट्यावर, एका कोपऱ्यात, उपडी.

एचआयव्ही उष्ट्याने पसरत नाही, कपाने नाही, ताटाने नाही, एका अंथरुणावर बसल्याने नाही. उष्ट्याने जो पसरतो तो दुसरा विषाणू, आणि तो त्या नातेवाइकांच्याही अंगात लहानपणापासून बसलेला असणार. ज्याची भीती नाही त्याच्यासाठी कपबशी वेगळी, आणि ज्याने गाठीला हातभार लावला असेल तो सगळ्यांच्या पेल्यातून फिरून आलेला! आणि "हा कुठून आला?" हा प्रश्न आपण एकाच विषाणूला विचारतो. दुसऱ्याचा उगम कुणी विचारीत नाही, कारण तो आईच्या घासात असतो.

पहिल्याचा उगम वहिनींनीही विचारला नाही. त्यांची स्वतःची तपासणी झाली, तीन महिन्यांनी पुन्हा झाली. दोन्ही वेळा त्यांच्यात विषाणू नव्हता. तो दुसरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवताना त्या म्हणाल्या, "आधी माणूस बरा होऊ दे. मग काय विचारायचं ते मी बघेन." पुढे त्यांनी विचारले की नाही, ते मी त्यांना विचारलेले नाही.

कपबशी पहिल्यांदा नजरेला पडली ती आत्याच्या. वय ऐंशीच्या वर, डोळ्यांत मोतीबिंदू; पण मोरीच्या कट्ट्यावर काय कुठे उपडे आहे हे तिला न पाहता कळते. तिला आम्ही फक्त कर्करोग सांगितला होता. संध्याकाळी तिने वहिनींना समोर बसवले. "कर्करोगाला कुणी कपबशी वेगळी करत नाही. खरं काय ते सांग."

वहिनींनी सांगितले. मी तिथेच होते. आत्याने लगेच काही म्हटले नाही. वातीला वळ देत राहिली. मग म्हणाली, "माझ्या थोरल्या बहिणीला क्षय झाला होता. माडीवर ठेवली होती. ताट, तांब्या, भांडं, सगळं वेगळं. मी दारातून बोलायची. ती आजारानं गेली की त्या ताटानं गेली, ते मला अजून कळलेलं नाही."

मला ही थोरली आत्या होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आमच्या घरात तिचा फोटो नाही.

रात्री जेवताना आत्याने स्वतःच्या ताटातली साखरआंब्याची फोड उचलली आणि अण्णाच्या ताटात वाढली. सगळ्यांदेखत. नातेवाईक दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेले. कपबशी मांडणीवर इतर कपबश्यांत परत गेली. आता त्यातली ती कोणती, हे मलाही सांगता येणार नाही.

उपचार सहा फेऱ्यांचे होते. प्रत्येक फेरीत चार दिवस, चोवीस तास, औषध थेंबाथेंबाने शिरेतून जायचे. त्याच्या जोडीला बी-पेशींच्या अंगावरची एक खूण ओळखून त्यांनाच धरणारे प्रतिपिंडाचे औषध. या औषधांना मित्र-शत्रू फारसा कळत नाही. गाठीबरोबर चांगल्या पेशीही जातात. ८६ चे ५१ झाले, तेव्हा घरात कुणी बोलेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की, हे अपेक्षित आहे. एचआयव्हीच्या गोळ्या चालू ठेवायच्या, फुप्फुसाच्या संसर्गाला आळा घालणारी गोळी चुकवायची नाही, आणि वाट पाहायची.

वाट पाहण्याजोगे काही आहे, हे आजचे भाग्य. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखाली शोधले गेले, तेव्हा देण्याजोगे औषध नव्हते. अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत १९९६ च्या सुमारास आली. किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने दिवसाला एका डॉलरहून कमी दरात ही औषधे देऊ केली, आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. विषाणू दबला की बी-पेशींची धांदल उतरते, थकलेले पहारेकरी काही अंशी सावरतात. ही औषधे आल्यापासून अशा लिम्फोमांचे प्रमाण पुष्कळ उतरले. आणि ज्यांना होतो, त्यांचेही बरे होण्याचे प्रमाण एचआयव्ही नसलेल्यांच्या बरेच जवळ आले आहे. सगळे पूर्ववत होते असे नाही. चेतावणीच्या काही खुणा औषधांनंतरही रक्तात रेंगाळतात. म्हणून गोळ्या जन्मभर आणि तपासण्याही नियमाने.

अण्णाची गाठ गेली. स्कॅन स्वच्छ आला. सीडी-४ चा आकडा मात्र कूर्मगतीने चढत राहिला: ५१, १३०, २०४, २९०. आत्याला यातले सीडी कळत नाही आणि चारही कळत नाही, पण आकडा कळतो. अण्णा तपासणीहून परत आला की ती दारातच विचारते, जशी आमचे परीक्षेचे निकाल लागले की विचारायची.

परवा वसुबारसेच्या आधी तो असाच आला. चकल्या तळणे चालू होते. आत्याने झारा बाजूला ठेवला.

"किती आले?"

"चारशे बारा."

आत्याने क्षणभर हिशेब केला आणि विचारले, "कितीपैकी?"